कोपरांत रुतलेली खडी

डॉ. मंजू रहांगडाले शल्यचिकित्सेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचा प्रबंध रस्ते अपघातातल्या जखमींवर होता. गोंदियाच्या दवाखान्यात कोणी गाडीवरून पडून आलं की ती फॉर्म भरायची. वय, बाई की पुरुष, गाडी कोणती, हेल्मेट होतं का, लागलं कुठे. एकशे बारा फॉर्म झाले होते. बहुतेक विशी-तिशीतले पुरुष, दुचाकीवरचे, बिनहेल्मेटचे. जखम बघून माणूस कसा पडला ते ती आता बिनचूक सांगायची. चालवणाऱ्याचं डोकं नाहीतर गुडघा. मागे दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलेल्या बाईची डावी नडगी. पेशंटने तोंड उघडायची गरजच नाही, असं तिला वाटू लागलं होतं.

एप्रिलातल्या एका दुपारी, चारच्या सुमारास, देवरीकडून रुग्णवाहिका आली. दार उघडलं तर आत तिशी ओलांडलेला एक माणूस पांढराफटक पडलेला, आणि त्याच्या जांघेवर दोन्ही मुठी रोवून एक म्हातारी वाकलेली. तिच्या स्वतःच्या डाव्या पायाला फळी बांधली होती. नडगी मोडली आहे, हे मंजूला लांबूनच कळलं.

"आजी, सरका."

"नाही सरकत."

गाडीतला परिचारक म्हणाला, "मॅडम, आई आहे त्याची. ब्रेकचा दांडा घुसून नस फाटली आहे. देवरीत पट्टी बांधायला यांचा हात काढला, तर रक्ताची चिळकांडी छताला लागली. यांनी लगेच परत दाबलं. तेव्हापासून कोणाला हात लावू देत नाहीत."

"अपघात कधी झाला?"

"दीडला. चिचगडच्या रस्त्यावर. गाय आडवी आली."

अडीच तास! मंजूने म्हातारीच्या मुठींच्या जरा वर आपले दोन्ही अंगठे रोवले. "आता मी धरलंय, आजी. सोडा."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "पक्कं धरलं ना? हातानं नोको दाबू, थकशीन. खांद्याचा जोर लाव."

मंजूने खांद्याचा जोर लावला. मग कुठे ती म्हातारी, रुख्माबाई, मागे टेकली. पण तिच्या मुठी उघडल्या नाहीत.

मुलाला, योगराजला, तसंच ऑपरेशनला नेलं. मंजूच्या वरिष्ठ सरांनी नस शिवली. सहा वाजता मंजूने त्याच्या पावलावर बोट ठेवलं. पाऊल कोमट होतं आणि बोटाखाली नाडी उडत होती. ती बराच वेळ बोट तसंच ठेवून उभी राहिली.

मग ती रुख्माबाईचा फॉर्म भरायला गेली. वय बासष्ट. मागे बसलेली. डावी नडगी. सगळं नेहमीसारखं. तेवढ्यात नर्सने तिच्या बाह्या वर केल्या आणि मंजूचं पेन थांबलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेलेली, आत खडी रुतलेली. आणि दोन्ही हातांना सारखंच. पडताना एका अंगाला खरचटतं. इथे सगळे ओरखडे एकाच दिशेने गेलेले. उजव्या गुडघ्यावर तापलेल्या डांबराचे फोड.

मंजूला काही अर्थ लागेना. तिने पहिल्यांदाच विचारलं, "आजी, हे कसं लागलं?"

"योगराज तिकडं पडला, मी इकडं. पाय तं उचलतच नव्हता. मंग कोपरावर गेली."

"किती लांब?"

"आता मी काय मोजून राहिली होती व?"

दारात थांबलेल्या रुग्णवाहिकेतल्या परिचारकाने हळूच सांगितलं, "वीस-पंचवीस पावलं असतील, मॅडम. आम्ही उचलायला गेलो तेव्हा रस्त्यावर फरफटत गेल्याची खूण दिसत होती."

मोडलेल्या नडगीसह वीस पावलं. एप्रिलच्या डांबरावर. मंजूने विचारलं, "आणि दाबायचं कोणी शिकवलं?"

"शिकवते कोण? धानाच्या बांधीत पाणी असते, मातीच्या धुऱ्याले खेकडा भोक पाडते, पाणी धावते. माती आणाले गेलं का सारी बांधी रिकामी. तिथंच भोकावर पाय रोवून उभं राहाचं अन् हाका माराच्या. कोणी ना कोणी येते."

मंजूने कोमट पाण्याचं घमेलं मागवलं आणि तिच्या मुठी स्वतः सोडवल्या, एकेक बोट करून. नखं तळव्यात घुसली होती. त्या लहानशा, मोहफुलं वेचून काळवंडलेल्या हातांकडे ती बघतच राहिली. एवढं शिकून तिला माणसाच्या अंगातलं काय कळलं होतं?

"कायले रडून राहिली?" रुख्माबाई म्हणाली. "वाचला ना थो?"

वाचला होता. दहाव्या दिवशी योगराज भिंत धरत आईच्या खाटेपर्यंत चालत आला. त्या दिवशी मंजू जवळच बसून फॉर्मचे कागद लावत होती.

"एवढे लोकं लिवले," रुख्माबाईने विचारलं. "आता कसे आहेत ते?"

 कोणालाच मंजूने परत विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिने फॉर्मवरचे फोन नंबर लावायला घेतले. पहिला फोन लागला. "मी दवाखान्यातून डॉक्टर मंजू बोलते. तुम्ही आता कसे आहात?"

 पलीकडच्या माणसाने घरात कोणाला तरी हाक मारली, "अवं, इकडं ये ना! दवाखान्यातून फोन आला. कसा आहो म्हणून विचारून राहिले!"