नागी वाढत राहिली

दिवाळीला विमल माहेरी जळकोटला आली की चंद्रप्पा अंगणाच्या कडेला येऊन उभा राहायचा. तो तिच्या वडिलांचा सालगडी. पागोटं काखेत धरून आधी तिच्या औशाच्या सासरची सगळी खुशाली विचारायचा, पाऊसपाणी विचारायचा, आणि मग खाली बघत म्हणायचा, "अक्का, आमची नागी?"

"बरी आहे. वाढली आता. उडी न मारता दाराची कडी काढते."

चंद्रप्पा हसायचा. त्यानं पहिल्यांदा असं विचारलं तेव्हाच नागी मरून तीन वर्षं झाली होती.

विमलचं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मांडवात तिची सासू उमाबाई विहिणींना म्हणाली होती, "तिकडं इंग्रजी मुलखात म्हणे पोरींच्या लग्नाला कायदा आलाय. आपली निजामाची मोगलाईच बरी बाई, वेळेवर सगळं उरकतं." बायका पदरात हसल्या होत्या.

नवी नवरी सासरी बुजू नये म्हणून तिच्यासोबत माहेरची एक पोर पाठवायची रीत. ती पाठराखीण. पाच दिवसांनी मुराळी न्यायला आला की दोघींनी परत यायचं. विमलची मामेबहीण ऐन वेळी गोवरानं पडली, म्हणून चंद्रप्पाच्या नऊ वर्षांच्या नागीला न्हाऊ घातलं, नवं परकर-पोलकं घातलं आणि गाडीत बसवलं. तिला कोण आनंद! वाटभर ती बैलांच्या घुंगरांवर मान डोलवत होती. चंद्रप्पा वेशीपर्यंत गाडीमागं धावला. "अक्का, लेकरू तुमच्या पदरात हाय."

पाचव्या दिवशी विमलचा भाऊ अमृतराव न्यायला आला. उमाबाईनं त्याला पुरणपोळी वाढली आणि वाढता वाढताच विचारलं, "सूनबाईला परत कधी धाडणार?"

"धाडू की. बघू महिन्याभरानं."

"बघू म्हणजे? माहेरी गेलेली पोर वर्षवर्ष येत नाही, ठाऊक आहे मला." मग तिनं ओसरीवर गाठोडं घेऊन बसलेल्या नागीकडं पाहिलं. "असं करा. ही राहू द्या इथं. ही इथं असली की तुम्हाला आमची आठवण राहील."

अमृतराव गडबडला. तो गाडीत बसलेल्या विमलजवळ आला. "काय गं, राहील का ही?"

विमलला फक्त रस्ता दिसत होता, जळकोटचा. नागी उभी राहून तिच्याकडं बघत होती. आपण नाही म्हटलं तर आपल्यालाही उतरवतील, एवढंच तिला कळत होतं.

"राहील," ती म्हणाली. "नागे, पुनवेला येते मी."

ती परत आली ती तीन वर्षांनी, शहाणी झाल्यावर. चंद्रप्पानं मधल्या काळात मालकाला दोनदा विचारलं होतं. मालक म्हणाले, "तिथं दोन वेळ पोटभर खाते. इथं आणून काय करतोस?" सालगड्याला मोकळा दिवस मिळत नव्हता आणि औसा तीन मुक्कामांवर होतं.

औशाच्या घरी पाऊल टाकताच विमलनं सगळीकडं पाहिलं. शेवटी अंगण सारवायला येणाऱ्या शिवम्माला विचारलं.

"ती व्हय? ती तर पहिल्याच श्रावणात गेली की, बाई. तापानं. लई कामाची पोर. पर काम झालं की दारातच जाऊन बसायची. ताप चढला तरी न्हाई उठली. म्हणं अक्का येणार हाय."

उमाबाई वाती वळत म्हणाली, "कळवून काय झालं असतं? गडी साल टाकून निघून गेला असता. तुझ्याच बापाचं अडलं असतं. पोरं जातात बाई, माझी नाही का दोन गेली?"

त्या दिवाळीला विमल सांगायचंच ठरवून जळकोटला गेली. पण चंद्रप्पा पागोटं काढून उभा राहिला, आणि तिच्या तोंडून निघालं, "बरी आहे."

एकदा बरी आहे म्हटल्यावर तिला वाढवावंच लागलं. विमलनं सांगितलं, केस कमरेला टेकले. ती औशाला परतली, तर फणीत एक लांब, काळाभोर केस. तिचे स्वतःचे केस पिंगट होते. विमलनं सांगितलं, हिरव्या बांगड्या भरल्या. मग धुणं धुताना, हात थांबवला तरी शेजारून किणकिण यायची. मागच्या दाराच्या चौकटीला तेलकट डाग पडला होता, कुणी रोज डोकं टेकून उभं राहावं तसा. विमलनं तो राखेनं घासून काढला. पुढच्या दिवाळीनंतर तो पुन्हा आला. दीड वीत वर.

"कुणाशी बोलते गं?" उमाबाई आतून विचारायची.

"कुणाशी नाही, आत्याबाई."

तिसऱ्या दिवाळीला चंद्रप्पानं विचारलं, "बापाची याद काढती का?" तेव्हा विमलला जात्यावर बसल्यासारखी ओवीच सुचली.

औशाच्या गं वाटेनं, कोण येतंय झपाझपा
बाप आला गं न्यायाला, नाव त्याचं चंद्रप्पा

"नागीनं रचली?" चंद्रप्पाचे डोळे भरले. "माझं नाव घालून?"

"हो."

माघात, भर दुपारी, तो औशाच्या दारात उभा राहिला. पायांवर धूळ, काखेत कोरं लुगडं.

"सोयरीक जमवली, अक्का. हणेगावचा पोरगा हाय, लई गुणाचा. मालकाला म्हणलं, साल कापा, पर जाऊ द्या. बोलवा तिला."

उमाबाई आतून म्हणाली, "पाणी दे आणि सांग, परगावी गेलीय म्हणून."

विमल तांब्या घेऊन आली. तो त्याच्या हातात दिला आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबली.

"चंद्रप्पा, नागी नाही."

"विहिरीवर गेली का?"

"गेली. मी तिला ठेवून गेले ना, त्याच वर्षीच्या श्रावणात. तापानं."

चंद्रप्पा हसला. "अक्का, गरिबाची थट्टा करता व्हय? तुम्हीच तर सांगितलं, केस कमरेला..."

"मी बनवून सांगितलं."

"अन् ओवी? आमच्या गल्लीतल्या समद्या बाया म्हणत्यात ती. नागीची ओवी म्हणत्यात."

"मी रचली."

मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत, मागच्या दारापर्यंत गेली, आणि चेहरा उजळला.

"मग ती कोण उभी हाय?"

विमलनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती पुन्हा हो म्हणाली असती. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "ती मी वाढवलेली आहे, चंद्रप्पा. तुझी नाही. तुझी नऊ वर्षांचीच होती."

त्याच्या काखेतलं लुगडं खाली पडलं.

विमल आत गेली. "आत्याबाई, कुठं ठेवलं तिला?"

"आता कशाला ते?"

"कुठं?"

सुनेचा असा आवाज उमाबाईनं कधी ऐकला नव्हता. "किल्ल्याच्या खंदकापलीकडं. बाभळी आहेत तिथं. शिवम्माच्या नवऱ्यानं नेलं होतं." मग तिच्या लक्षात आलं. "तू कुठं निघालीस? भर दिवसा, गड्यासोबत? माझा अवधूत नांदेडहून आला की त्याला काय सांगू, त्याची बायको कुठं गेली म्हणून?"

"सांगा, पाठराखीण म्हणून गेले."

बाजारातून जाताना माणसं वळून बघत होती. शिवम्मा पुढं, मग विमल, मागं चंद्रप्पा. बाभळीखाली तीन दगड होते. त्यातला एक कलला होता. शिवम्मा त्याकडं बोट करून म्हणाली, "हितंच," आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

चंद्रप्पा बसला. कललेला दगड त्यानं सरळ केला. भोवतीचे काटे एकेक करून वेचले.

"जाताना काय मागितलं तिनं?"

विमलच्या ओठांवर किती तरी आलं. पाणी मागितलं. तुझं नाव घेतलं. भाकर मागितली, तुझ्या हातची. सगळं खरं वाटलं असतं, आणि त्याला जन्मभर पुरलं असतं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी नव्हते तिथं. मी पुनवेला येते म्हणाले होते, आणि आले नाही."

त्यानं मान हलवली. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर विमलला बरं वाटलं असतं. उन्हं कलेपर्यंत तो बसून राहिला. मग उठला, आणि घरी बोलायच्या कानडीत, शेतावरून संध्याकाळी पोराला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाला, "नागी, मनीगी बा." घरी चल.

बाभळीचा पालासुद्धा हलला नाही.

चंद्रप्पा जळकोटच्या वाटेला लागला. विमल खंदकाच्या कडेला उभी राहून बघत होती. तसा तो लांब ढांगा टाकणारा माणूस, पण आज मध्येच थांबायचा, मागं बघायचा, पुन्हा चालू लागायचा. तो हळू चालला होता, नऊ वर्षांच्या पोरीला झेपेल इतकंच.