पश्चिमेला वळवलेली खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे, मित्रांनो. पायथ्याचा दांडा फिरवला की माझी डोक्याकडची बाजू वर उचलली जाते, आणि तेव्हा मी अशी कुरकुरते की शेजारच्या घरातलं तान्हं मूल जागं व्हावं. कोइंबतूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ऐन उमेदीची वर्षं इस्पितळात गेली. रंग उडाला तेव्हा मला मागच्या आवारात टाकून दिलं. तिथे माझ्यावर कोंबड्या बसायच्या. काय सांगू, लाजेनं अर्धी झाले मी!

मग केरळातल्या पोन्नानी गावच्या काही माणसांनी मला उचललं, घासलं, निळा रंग दिला. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही, त्यांची घरी जाऊन सेवा करणारी ही माणसं. तेव्हापासून मी या घरातून त्या घरात फिरते. मी दारात उतरले की अख्खी गल्ली गप्प होते. मलाही वाईट वाटतंच की.

अलवीक्कांच्या घरी मला दासननं आणलं. दासन रिक्षा चालवतो आणि उरलेल्या वेळात ही सेवा करतो. अलवीक्का म्हणजे जन्मभर होडीवर काढलेला माणूस. पोटाच्या कर्करोगानं त्यांचं पार चिपाड झालं होतं. त्यांची बायको बिय्यात्तू दारातच दासनच्या कानाशी लागली, "पोटात व्रण आहे एवढंच त्यांना सांगितलंय. तोंडातून अवाक्षर काढशील तर बघ!"

आणि अलवीक्का? बायको चुलीकडे गेली की म्हणायचे, "मला सगळं कळलंय रे. पण तिला बोलू नकोस. कोलमडेल बिचारी."

दासनची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर. समोरासमोर ती दोघं माशांचे भाव बोलायची. ती बाहेर गेली की अलवीक्का माझा गज घट्ट धरून रडायचे. ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. हा माणूस असाच, मनातलं मनात ठेवून जाणार, याची मला फार धास्ती वाटायची.

एका सकाळी अलवीक्का म्हणाले, "दासन, भिंत बघून बघून विटलो. होड्या येताना दिसतील असं कर की."

समुद्र पश्चिमेला. दासननं मला ओढत, पायथा तिकडच्या खिडकीकडे येईल असं वळवलं, दांडा फिरवून डोकं उंच केलं. तेवढ्यानंही अलवीक्का दमले आणि डोळे मिटून पडले. माझा एक स्क्रू सैल झाला होता, म्हणून दासन मान खाली घालून पायथ्याशी बघत उभा राहिला.

आता दासन पडला हिंदू. इथल्या मुसलमान घरांत एरवी पश्चिमेला पाय करून कुणी निजत नाही. माणूस जायला लागला की मात्र त्याचं तोंड मक्केतल्या काबाच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला करतात. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बिय्यात्तू परसात तारलीचे मासे साफ करत होती. तशीच आत आली. वळलेली खाट पाहिली, मान खाली घातलेला दासन पाहिला, आणि तिनं हंबरडा फोडला.

"अहो, मला न सांगता गेलात! मी खोटं बोलत राहिले हो, व्रण आहे, व्रण आहे म्हणत! शेवटचं धड बोललेसुद्धा नाही. आता भांडू कुणाशी मी?"

"आधी हात धू," डोळे न उघडताच अलवीक्का म्हणाले. "मेलेला माणूसही उठून बसेल त्या वासानं."

ती मटकन खालीच बसली. मग दासनला तिनं अशा काही शिव्या घातल्या की माझा रंग दुसऱ्यांदा उडायची वेळ आली!

तिचा श्वास जागेवर आल्यावर अलवीक्का म्हणाले, "मला ठाऊक होतं गं सगळं. तू मोडशील म्हणून गप्प राहिलो."

"आणि मी कुणासाठी गप्प होते?"

"मला भीती वाटते, बिय्यात्तू."

"मलाही." तशाच माखलेल्या हातांनी तिनं त्यांचं डोकं छातीशी धरलं. दासन ओट्यावर जाऊन रडला.

पुढचे दिवस थोडे होते आणि सोपे नव्हते. वेदना होत्याच. पण ती दोघं बोलत होती. जुनी भांडणं उकरून काढून त्यांनी मिटवली. एक तर मिटलं नाही, त्यावर दोघं हसली. एका दुपारी ती चमच्यानं पाणी पाजत असताना अलवीक्का गेले. बोलल्यामुळे तिचं दुःख कमी झालं असं समजू नका, मित्रांनो. माझ्या रिकाम्या गादीवर पालथी पडून ती जे रडली, ते मला अजून ऐकू येतं.

दासन येत राहिला. चहा प्यायचा, तिचं ऐकायचा, माझं नाव काढायचा नाही. इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे बाईनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस, सरली तेव्हा तिनंच विचारलं, "खाटेसाठी कुणी थांबलंय का रे?"

"आहे, इत्ता," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. "पलीकडच्या वाडीत. पण घाई नाही."

"दुखणं काय थांबतं होय? उचल!"

आणि ती स्वतः माझ्यासोबत आली. त्या घरातली मुलगी दारातच पुढे आली आणि कुजबुजली, "आईला काही सांगितलेलं नाही हं. आत सगळ्यांनी हसत राहायचं."

बिय्यात्तू हसली नाही. तिनं त्या मुलीला पायरीवर बसवलं आणि तिचे हात हातात घेतले.

"आत नंतर जाऊ," ती म्हणाली. "आधी तू रडून घे."

मित्रांनो, कधीमधी माझ्या दांड्याला तेल घाला, एवढंच माझं स्वतःसाठी मागणं. पण तुमच्या घरी मी आलेच, तर मला बघून दूर पळू नका. जे माझ्यावर निजलंय त्याच्याजवळ येऊन बसा. पाठीला टेका मी देईन. हात धरायला मात्र माणूसच लागतं.