अंगणातल्या फरशीखालचं झाकण

संडास परत तुंबला तेव्हा मला रागसुद्धा आला नाही, नुसता कंटाळा आला. बादली, खराटा, फिनेल, नाकाला रुमाल. हे सगळं आता अंगवळणी पडलं होतं.

कारण शोधायला कुठे लांब जायचं नव्हतं. घर बांधल्यापासून सेप्टिक टाकी एकदाही उपसलेली नाही. दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी, हे नवऱ्याला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. पण उपसणार कशी? आमच्या ह्यांनी हौसेने मागचं अंगण करून घेतलं, तेव्हा टाकीचं ओबडधोबड झाकण डोळ्यांत खुपलं म्हणून त्याच्यावरूनच फरशी घातली. गवंडी नको नको म्हणत होता, त्यालाच गप्प केलं! आता फरशी फोडायचं नाव काढलं की ह्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

"पाइपातच काहीतरी अडकलंय गं," म्हणत त्यांनी आधी तार घातली, मग ॲसिड ओतलं. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच.

त्रास सगळा सासूबाईंना. गुडघ्यांमुळे त्या खालच्या खोलीत राहतात, त्यांचा संडासही खालीच. वर आम्ही फ्लश केला की खाली त्यांच्याकडे गुडगुड व्हायची आणि घाण वर यायची.

हल्ली त्या गप्प गप्प असायच्या. एका सकाळी पलंगावरून उठताना भोवळ येऊन पडल्याच. डॉक्टर घरी आले, तपासून म्हणाले, "ह्यांच्या अंगात पाणीच नाही. असंच चाललं तर किडनीवर येईल."

डॉक्टर गेल्यावर मी पेला भरून दिला. त्यांनी नुसते ओठ ओले केले.

"आई, प्या ना सगळं."

"नको गं. प्यायलं की जावं लागतं. माझ्यामुळेच तुंबतं ना ते? तू सारखी उपसत बसतेस, बघवत नाही मला."

तेव्हा मात्र राग आला. ह्यांचा आला, त्या मेल्या फरशीचा आला, आणि ह्या बाईचाही आला.

"तुमच्यामुळे नाही हो! तुमच्या लेकाच्या फरशीमुळे!" मी ओरडलेच.

लेक दारातच उभा होता. त्याने जिन्याखालून घण काढला. पहिला घाव असा घातला की फरशीला ओरखडाही नाही.

"अहो, फरशी आहे ती, तान्हं बाळ नव्हे. मारा जोरात!"

झाकण नेमकं कुठे, ते ह्यांनाही आठवेना. अर्धं अंगण फोडलं तेव्हा सापडलं. दुपारी उपसणारी गाडी आली. गाडीवाल्याने आत डोकावून कपाळाला हात लावला. "गाळाने गच्च भरलीय. आणि ॲसिड कशाला ओतलंत? मैला कुजवणारे जंतू मेले की सगळे. आता झाकण तरी मोकळं ठेवा."

संध्याकाळी ह्यांनी स्वतः आईला पाणी नेऊन दिलं. पेला दोन्ही हातांत धरून सासूबाईंनी मला विचारलं, "पुन्हा भरेल ना गं टाकी?"

"भरेल की. भरायलाच असते ती. पुन्हा उपसू."

त्या पाणी प्यायल्या, पेला रिकामा केला. मग लेकाकडे बघत हळूच म्हणाल्या, "आता जाऊन येऊ का रे मी?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाला विचारत होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.