सातवीची परवानगी

धायरीच्या आमच्या शाळेत शिक्षक एक वेळ शिकवायचं विसरेल, पण फोटो पाठवायचं विसरत नाही. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. म्हणून ‘डिजिटल साधनांचा जबाबदार वापर’ या तासाचं परिपत्रक आलं तेव्हा मी आधी शेवटची ओळ वाचली. मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतील असा फोटो पाच वाजेपर्यंत लिंकवर टाकावा, अन्यथा कारणे दाखवा नोटीस. एक नोटीस मला आधीच मिळालेली होती. दुसरी आली की शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बदली, हे इथे शिपायालाही ठाऊक आहे.

तास मात्र मी जीव ओतून घेतला. सातवीच्या अडतीस पोरांना फळ्यावर तीन प्रश्न लिहून दिले. कोणी तुमचा फोटो मागितला तर विचारा: कुठे जाणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार. उत्तर मिळालं नाही तर सरळ नाही म्हणा, समोर कोणीही असो. पोरांनी ते तीनदा घोकलं. मी खूश होऊन मोबाईल काढला.

“चला, नीट बसा. फोटो.”

तनुजानं हात वर केला. “बाई, कुठं जाणार हाय?”

बाकीचे सदतीस जण माझ्याकडे बघत राहिले. मला राग आला, खरं सांगते. आपलंच शिकवणं आपल्या अंगावर आलं की कोणाला बरं वाटतं?

आमच्याकडून हे फोटो गोळा करणाऱ्या केंद्रप्रमुख दिगंबर सरांना मी फोन लावला.

“सर, हे फोटो जातात कुठे?”

“वर.”

“वर म्हणजे?”

“वर म्हणजे वर, बाई. एकवीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही.”

“बघतं कोण?”

“कोणी नाही. पण नसला की लगेच दिसतं.”

“आणि ठेवतात किती दिवस?”

“आपण तास घेताय की माझी चौकशी?” सरांनी फोन ठेवला.

ऐकलं ते मी जसंच्या तसं वर्गाला सांगितलं. नोटीस आणि बदलीचंही सांगितलं, अगदी रडवेल्या आवाजात. अडतीस जणांनी एका सुरात नाही म्हटलं. कविता म्हणताना हा सूर कधी लागत नाही.

तनुजाला माझी दया आली. “बाई, तुमी तरी फळ्यापाशी उभ्या ऱ्हावा. मी तुमचा काढते.”

मी केस सारखे केले, पदर नीट केला. तिनं मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि पुन्हा खाली घेतला.

“बाई, तुमची परवानगी हाय का?”

एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझे हजारभर फोटो वर गेले असतील. हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याच भरात मी म्हणाले, “नाही.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. लिंकवर शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: ‘उपक्रम पूर्ण यशस्वी. त्यामुळे फोटो उपलब्ध नाही.’

सोमवारी नोटीस आली. खुलासा तीन दिवसांत मागवलाय, सोबत माझा अलीकडचा फोटो जोडायचाय.