मासे नसलेली पेटी

आर्वीच्या बाजारात मधुकररावांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि गल्ल्याशेजारी काचेची एक पेटी होती. खिडकीच्या काचा, लोखंडी अँगल, लांबी भरून बुजवलेले सांधे, सगळं घरचंच काम. पेटीत पाणी होतं, मासे नव्हते. खिळे घ्यायला आलेला माणूस आधी पेटीत डोकवायचा आणि मासे मेले का, असं विचारायचा. मधुकरराव सांगायचे, पेटी शेवाळासाठी आहे. विहिरीतलं बुळबुळीत शेवाळ नव्हे. इवल्या पानांचं, मऊ, दगडाला धरून वाढणारं. माणूस मान डोलवायचा आणि बाहेर जाऊन हसायचा.

हे शेवाळ त्यांना अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत कारंज्याकडच्या डोंगरात, नाल्यातल्या एका खडकावर सापडलं. चिमूटभर त्यांनी पाकिटात घालून नागपूरला वासुदेवराव नावाच्या प्राध्यापकांना पाठवलं. उत्तर आलं की असलं शेवाळ आपण या भागात कधी पाहिलेलं नाही. पावसाळ्यात बीजाणूंची बोंडं धरली की ओळख पटेल, श्रावणात स्वतः येतो, तोवर जपा. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाला एका प्राध्यापकाने जबाबदारी दिली होती. पत्र इतक्यांदा वाचून झालं की ते घडीवर फाटलं.

मुळात माणूस चुळबुळ्या. झोपलेल्या मांजराला उठवून ते झोपलं होतं का, याची खात्री करणारा. फाल्गुनात ते पुन्हा डोंगरात गेले तर नाला आटत आला होता आणि शेवाळाच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. त्यांच्या घराची तीन पिढ्यांपासून चैत्रात दुकानापुढे पाणपोई लागते, अंगणात पाखरांसाठी परळ भरून ठेवतात. तहानेलं काही दिसलं की या घराण्याचा हात रांजणाकडे जातो. मधुकररावांनी खिशातून दाढीचं पातं काढलं आणि खडकावरचं सगळं शेवाळ, शेवटच्या ठिपक्यापर्यंत, खरवडून ओल्या फडक्यात घरी आणलं. एक जीव वाचवला म्हणून त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग वैशाख आला आणि पारा शेहेचाळीसवर जाऊन बसला. पेटीतलं पाणी दुपारी कोमट व्हायचं. पेटी गल्ल्याजवळून माजघरात गेली, माजघरातून न्हाणीघरात, तिथून वाळ्याच्या ताटीमागे. पाणी दिवसातून दोनदा बदललं जायचं, बर्फ पिशवीत बांधून सोडला जायचा. गिऱ्हाईक काट्यापाशी ताटकळत उभं आणि मालक पेटीत कोपरापर्यंत. त्यांच्या पत्नीने, शोभाबाईंनी, एकदाच सांगून पाहिलं.

“घडीघडी हात घालून राह्यले तुमी. त्याले बसू द्या ना जरा एका जागी.”

बसू देतील तर ते मधुकरराव कसले! आधी टोकं पिवळी पडली, मग देठ काळे झाले. मे महिन्याच्या मध्यावर बोटाच्या पेराएवढा एकच झुपका हिरवा उरला. मधुकररावांना अन्न जाईना. श्रावणात प्राध्यापक येणार आणि आपण त्यांना नुसतं पाणी दाखवणार! शेवटी त्यांनी ठरवलं, नाल्याच्या वरच्या अंगाला कुठे ओल असेल तिथे आणखी शोधायचं. जुळवून पाहायला झुपका डब्यात घेतला, पाण्याची बाटली खांद्याला अडकवली आणि सकाळची एसटी धरली.

नाल्यात थेंब नव्हता, वरच्या अंगालाही नव्हता. ते परत आपल्या खडकापाशी आले. पात्याचे ओरखडे अजून पांढरे दिसत होते. लहानू नावाचा म्हातारा गुराखी तिथे सावलीला बसला होता. त्याने काय हरवलं म्हणून विचारलं तेव्हा मधुकररावांनी सगळं सांगितलं. शेवाळ वाळून मरत होतं, म्हणून काढून नेलं.

“मरते कायले?” लहानू म्हणाला. “दरसाली असंच वाळते ते. चार महिने काळंठिक्कर पडून राह्यते, पानी आलं का पुन्हा हिरवं. लहानपनापासून पाहून राह्यलो मी.”

मधुकररावांना ते खरं वाटेना. शेजारच्या खडकावर दुसरं, साधंच शेवाळ होतं. काळं, बोटाने चुरा होईल असं. लहानूने त्यांच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि बिडी पेटवली. बिडी संपायच्या आत पानं उलगडली आणि खडक हिरवा झाला.

मधुकरराव खडकापाशी बसले आणि पांढऱ्या ओरखड्यांवरून बोट फिरवू लागले. इतकी लाज त्यांना मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही वाटली नव्हती.

“मी काढलं नसतं तर?”

“तर काई नाई. राह्यलं असतं जिथल्या तिथं.”

त्यांनी डबा उघडला. घरी नेलं तर झुपका आठवड्याभरात जाणार, हे त्यांना कळत होतं. इथेही जगेल, याची हमी नव्हती; तीन महिने पाण्यात लाडावलेलं शेवाळ वाळणं सोसेल की नाही, हे लहानूलाही सांगता येईना. खडकाच्या सावलीतल्या भेगेत त्यांनी झुपका बसवला आणि दगडाच्या एका चिपेने दाबला. हात बाटलीकडे गेला.

“आज टाकसान पानी,” लहानू म्हणाला, “उद्या कोन येनार हाय टाकाले?”

आणि तो गुरांमागे निघून गेला.

गरम वारा सुटला होता. झुपक्याची टोकं एकेक करून आत वळू लागली. बाटलीत अजून अर्धं पाणी होतं. मधुकररावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि एसटीची वेळ होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.