बोटाला एक उंबरा

साबणाची शेवटची वडी मनोऱ्यावर ठेवून नुजहत दोन पावलं मागं सरली. पाच ठिकाणी विखुरलेला साबण आता एका जागी आला होता, भिंतीच्या मध्यावरच्या अरुंद खणात. तो खण तिच्या आठवणीत कायम रिकामाच होता. रोज पुसलेला, पण रिकामा.

भोरमधल्या तट्टूवाल्यांच्या दुकानाला तीन मजले. वर कापड, त्यावर भांडी नि पंखे, आणि खाली ही भिंत: दारापासून मागच्या जिन्यापर्यंत सागवानी खणांची रांग. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या नुजहतनं टेप लावून प्रत्येक खण मोजला होता. एकाची रुंदी दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. शिवाय चहापूड सात ठिकाणी, दोरखंड चार ठिकाणी. सुताराची चूक आणि घरच्यांचा आळस, असा निष्कर्ष तिनं काढला होता.

महामार्गावर काचेचं मोठं दुकान झाल्यापासून गिऱ्हाईक रोडावलं होतं. तिचे अब्बा, फुरकान, म्हणाले होते, “खालचा मजला तुझा. दिवाळीपर्यंत चालवून दाखवलास तर सगळं दुकान तू बघ. नाहीतर भाड्यानं देऊन मोकळा होतो.”

दुपारच्या एस.टी.नं बाळाबाई आल्या, खोऱ्याच्या टोकाच्या पालीहून. डोळ्यांत मोतीबिंदू होता. दारातच त्यांनी भिंतीला हात लावला आणि खणांच्या कडा चाचपत, कुणाला काही न विचारता, थेट जिन्याजवळच्या शेवटच्या खणापाशी गेल्या. दुसऱ्या फळीवर त्यांनी हात घातला. हात हवेतच फिरला.

“जलालभाई, आमचं दुकान कुठं गेलं वो?”

“हे काय मावशी, इथंच तर आहे,” नुजहत पुढं झाली. “काय देऊ?”

“ह्ये तुझं दुकान हाय पोरी. मी आमचं इचारतीया.”

दारापाशी खुर्चीत बसलेले जलाल, नुजहतचे आजोबा, हसत हसत उठले.

“सापडंल बाळाबाई. नातीनं शिकून आल्यावर तुमचं गाव हलवलं, दुसरं काय!”

“मग आता एस.टी. बी हितंच थांबव म्हनावं!”

नुजहतला काहीच उलगडेना. तिनं आजोबांकडं पाहिलं.

“माझा बाप तट्टावर माल लादून जायचा,” जलाल म्हणाले. “हितलं गाठोडं वर, मग मार्गासनीचं, शेवटाला पाली, तिचं पार तळाला. गावात शिरला की लोक म्हनायची, आमचं गाठोडं सोडा. दुकान घातलं तवा त्यानं सगळी वाट भिंतीवर मांडली. दाराशी भोर, जिन्याशी पाली. ज्येचं त्येनं आपल्या गावात जावं.”

“पण दादा, खण असे लहानमोठे का?”

“त्येला लिवता येत नव्हतं. पन उंबरे तोंडपाठ. सुताराला त्यानं बोटं लावून आखून दिलं. येका उंबऱ्याला येक बोट. पाली तवा साठ घरांची. साठ बोटं.”

नुजहत वळली. तीच भिंत होती. दाराजवळ रुंद, मग अरुंद, पुन्हा थोडी रुंद. कॉलेजात तिनं असे आलेख शेकड्यांनी काढले होते. पण ज्यात हात घातला तर चहापूड मिळते, असा एकही काढला नव्हता. अख्खं खोरं तिच्या लहानपणापासून तिच्यासमोर उभं होतं, आणि ती त्यावरची धूळ झटकत होती.

मग तिची नजर साबणाच्या मनोऱ्यावर गेली.

“आणि हा?”

बाळाबाई म्हणाल्या, “त्ये गाव धरनात गेलं. पानी चढलं नि मानसं पांगली.”

“बाप म्हनायचा, गाव गेलं, गिऱ्हाईक न्हाई गेलं,” जलाल हळू म्हणाले. “कुनी आलंच, तर हात कुठं घालील?”

नुजहतनं दोन वड्या उचलल्या, पालीच्या खणात दुसऱ्या फळीवर नेऊन ठेवल्या, आणि बाजूला झाली. बाळाबाईंनी हात घालून त्या स्वतःच घेतल्या.

संध्याकाळी फुरकान आले तेव्हा साबण पुन्हा पाच ठिकाणी गेला होता. खणांवर कागद चिकटवले होते आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत गावांची नावं. कागद तिच्या नव्या मांडणीच्या आराखड्याचेच होते, उलटे केलेले.

“हे काय? अन् महामार्गावरच्या दुकानाशी टक्कर कशी देणार?”

“त्यांच्याकडं पाली कुठं आहे, अब्बा?”

फुरकान काही वेळ कागद वाचत राहिले. मग कार्डाचं मशीन घेऊन मधल्या खणाकडं वळले. “बरं, हे तरी इथं ठेव. मोकळंच आहे.”

नुजहत त्या खणाच्या फळीवर बोटाला बोट लावत मोजत होती. पालीचा खण तिच्या बोटांनी बहात्तर भरला होता. पणजोबांची बोटं जाड असणार. हा छत्तीस भरला. तिनं मनात गुणोत्तर मांडलं.

“मोकळं नाही,” ती म्हणाली. “तीस घरं आहेत.”