डोंगराचा तिसरा स्क्रू

मार्गशीर्षातली कोवळी, केशरकांती सकाळ मिरजेतल्या एका गच्चीवरच्या खोलीत खिडकीवाटे उतरली आणि सह्याद्रीवर पसरली. सह्याद्री सव्वा हात उंच होता. पायथ्याशी श्रावणहरित भातखाचरं, व्हार्निशची निश्चल नदी, आणि नदीकाठानं काडेपेटीएवढ्या डब्यांची एक आगगाडी. गेली चौदा वर्षं ती एकदाही वेळ न चुकवता, कुठेही न जाता, धावत होती.

अशा ह्या सृष्टीला वाळवी लागली होती.

वरती अम्लान वनश्री. खाली फळी पोकळ. सृष्टींचं असंच होतं, असं निवृत्त भूगोलशिक्षक भालचंद्र पोंक्षे यांना वाटलं, पण वाटून घ्यायला वेळ नव्हता. भिंतीला टेकून नवी फळी उभी होती. निर्जल, निर्वृक्ष, सुताराच्या रंध्याचा वास येणारी. जुनं जग अलगद उचलून तिच्यावर ठेवायचं होतं.

"नवंच आणा की सगळं," पत्नी नलिनीबाई दारातून म्हणाल्या. "झाडं मिळतात म्हणे हल्ली पाकिटात."

पोंक्षेंनी सुरीला धार लावली. इथली झाडं म्हणजे नलिनीबाईंच्याच वृंदावनातल्या वाळल्या मंजिऱ्या होत्या. ते गवत म्हणजे रंगात भिजवलेला भुसा. ती तपकिरी, तृषार्त माती म्हणजे दोघांनी मिळून प्यायलेल्या चहाचा चोथा. पाकिटात काय काय मिळणार?

पातळ सुरीनं त्यांनी कुरणं सोलली. वनं उपटून बुटाच्या खोक्यात निजवली. दुपार कलली, आणि उरला डोंगर.

डोंगर शिरगुप्पेंचा. मार्तंड शिरगुप्पे, रेल्वेतले निवृत्त गार्ड, तीन गल्ल्या पलीकडे राहणारे. वडील गेल्यावर वडिलांचं धोतर त्यांनी प्लास्टरमध्ये बुडवून लाकडी सांगाड्यावर पसरलं होतं. नेसत्या धोतराच्या निऱ्या होत्या, त्या दऱ्या झाल्या. असा डोंगर पुन्हा होणार नव्हता. धोतर एकच होतं.

आणि नऊ वर्षं दोघे बोलत नव्हते. कारण डोंगरमाथ्यावरचा पळस. खाली श्रावण, वर फाल्गुन! केशरी लोकरीचा तो अग्निशिख, निर्लज्ज, बहरलेला पळस. "हा भूगोल नव्हे," पोंक्षे म्हणाले होते. "राहू दे तुझा भूगोल," म्हणून शिरगुप्पे जिना उतरले होते. पळस तसाच राहिला. पोंक्षेंनी तो कधी उपटला नाही. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

डोंगर वरून तीन स्क्रूंनी आवळलेला. एक देवळाखाली सापडला, एक खडकाखाली. तिसरा सापडेना. पोंक्षेंनी किंचित उचलून पाहिलं, तर दरीतून एक केशसूक्ष्म, कापरी भेग धावली.

त्यांनी हात काढले. शिरगुप्पेंना फोन लावला.

"पोंक्षे बोलतोय."

नऊ वर्षांनी, ना नमस्कार, ना चौकशी; पोंक्षे थेट मुद्द्यावर आले.

"तिसरा स्क्रू कुठाय?"

"पळसाखाली."

"काय?"

"स्क्रूचं डोकं दिसत होतं. झाकायला लावला पळस."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू ऋतू विचारलास, पोंक्ष्या. स्क्रू कुठे विचारलास?" मग आवाज मऊ झाला. "हात लावू नकोस. येतो मी. एकट्यानं उचललास, तर बाबांचं धोतर फाटेल."

शिरगुप्पे आले. गुडघा धरून जिना चढले, भेगेवरून बोट फिरवलं, म्हणाले, "पाऊलवाट होईल ह्याची." बस्स, एवढंच. पळस उपटून खोक्यात ठेवला, तिसरा स्क्रू सोडवला. मग चार वृद्ध हात. आणि त्या हातांवर, संध्येच्या सुवर्णधूसर उजेडात, तरंगत जाणारा एक डोंगर.

नव्या फळीवर तो टेकला. शिरगुप्पेंनी तिन्ही स्क्रू पिळले. तिसऱ्याचं डोकं पुन्हा उघडं, चकाकतं. शिरगुप्पे मुद्दाम खिडकीबाहेर पाहू लागले.

पोंक्षेंनी खोकं धुंडाळलं. लोकरीवरची धूळ फुंकली, बुंध्याला डिंक लावला.

आणि खाली हिरवा, हिरवा श्रावण असताना, वर माथ्यावर, नऊ वर्षं उशिरा, भूगोलाच्या डोळ्यांदेखत, पळस फुलला.